दहा अंशांवरच्या सासूबाई

सासूबाईंच्या ऐंशीव्या वाढदिवसाची बिअर घरीच करायची, असं मी ठरवलं. मला कुणी सांगितलं नव्हतं.

"सुले, दुकानात मिळते की," माझा नवरा ओविदिओ म्हणाला.

"तिच्यात प्रेम नसतं."

"पण बिअर असते," तो म्हणाला.

आमच्या सांता फेमध्ये बिअर ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. सासूबाईंचे, म्हणजे क्लोतिल्देबाईंचे यजमान आयुष्यभर बिअरच्या कारखान्यात होते. जेवताना एक लिसो, म्हणजे तो बिनकानाचा सरळ ग्लास, सोनेरी आणि थंडगार भरलेला, समोर आल्याशिवाय त्या काट्याला हात लावत नाहीत. बिअर बिघडलेली असली तर त्या एक शब्द बोलत नाहीत. ग्लास फक्त टेबलाच्या कडेला सरकवतात. (आपण केलेला स्वयंपाक कुणी कधी असा सरकवला असेल, तर माझी भीती तुम्हाला कळेल.)

मी क्लबात जाऊन बिअरचा वर्ग केला. पहिली खेप जानेवारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्याच्या, उकाड्यात स्वयंपाकघरात आंबवली. तिला केळ्याचा वास आला आणि त्याच्या मागून तैलरंगाचा. ओविदिओने एक घोट घेतला आणि तो दात घासायला गेला.

"बाई, सोनेरी बिअर दहा अंशांवर आंबते," वर्गातले मास्तर म्हणाले. "तुमची शिजली. थंड पेटी बांधा."

मग आम्ही पेटी बांधली. जुन्या छोट्या फ्रीजचं दार काढलं, त्याच्या तोंडाला थर्माकोलची खोली जोडली, आत गार हवा ढकलायला कॉम्प्युटरमधला पंखा बसवला आणि बाजारातून थर्मोस्टॅट आणला. थर्माकोल मासळीवाल्याने फुकट दिला, त्यामुळे पहिले काही दिवस गल्लीतली मांजरं आमच्याकडे फार आदराने बघत होती. पेटी ठेवली मागच्या धुण्याच्या खोलीत, सासूबाईंच्या खोलीला लागून. मागच्या बाजूला थर्माकोल पुरला नाही, तेव्हा मी पेटी तशीच, मागे न बघता, भिंतीला टेकवली. भिंत ही भिंतच असते, असं मला वाटलं. (मी शाळा पूर्ण केली आहे. तिथे भिंतींबद्दल काही शिकवलं नव्हतं.)

आमच्या क्लबात एक पद्धत आहे. बिअर ज्याच्यासाठी केली त्याचं नाव पिंपावर लिहायचं, म्हणजे ती चांगली उतरते. मी जाड मार्कर घेतला, पिंपावर मोठ्या अक्षरांत 'क्लोतिल्दे' लिहिलं, पिंप आत ठेवलं आणि काटा दहावर आणला. थोड्या वेळाने झाकणावरच्या नळीतून बुडुक बुडुक आवाज येऊ लागला. इतकं समाधान मला माझ्या लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई जेवायला आल्या. बाहेर एक्केचाळीस अंश होते. त्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल होती.

"बरं नाही का तुम्हाला?" मी विचारलं.

"पाठीत गार वाटतंय," त्या म्हणाल्या आणि शाल घट्ट ओढून घेतली.

माझ्या हातातला डाव सूपमध्ये पडला. कारण मी काय करून बसले होते ते मला त्या क्षणी कळलं. आमच्याकडे कुणी आपल्या वाईटावर असेल, तर त्याचं नाव कागदावर लिहून फ्रीजरमध्ये ठेवतात. तो माणूस गोठतो. त्याची जीभ थांबते, हात थांबतात. मेणबत्त्या, ताईत असलं काही लागत नाही, नाव आणि गारवा पुरतो. सभ्य घरांमध्येसुद्धा मटारच्या पिशवीखाली एखादा साहेब किंवा एखादी नणंद असते. आणि मी, जिने आजवर कुणाला गोठवलं नव्हतं, तिने आपल्या सासूला नावानिशी, ठळक अक्षरांत, पंखा लावून गोठवलं होतं.

"म्हातारपणी गार वाटतंच," ओविदिओ म्हणाला.

"एक्केचाळीस अंशांत?"

"मग बघ प्रयोग करून. काटा वर घे."

मी काटा अठरावर नेला. संध्याकाळी सासूबाई शालीशिवाय बाहेर आल्या, घामाघूम, आणि ओविदिओ चमच्याचा आवाज करतो म्हणून त्याला बोलल्या. मी काटा पुन्हा दहावर आणला. सकाळी शाल परत. ओविदिओने पाव खाली ठेवला.

"योगायोग असेल," तो म्हणाला, पण हळू आवाजात.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. काटा वर न्यावा तर बिअर केळ्याच्या वाटेला जाणार, खाली ठेवावा तर सासूबाई वरच्या. ऐंशीव्या वाढदिवसाच्या तोंडावर त्यांना काही झालं असतं, तर डॉक्टरांनी काहीही लिहिलं असतं तरी खरं कारण मला एकटीला माहीत असणार होतं. मी त्यांचं नाव पुसायला गेले. आधी साबण, मग स्पिरिट, मग भांड्याची घासणी. हात दुखेपर्यंत घासलं तेव्हा 'क्लो' गेलं. 'तिल्दे' हलेना.

दुपारी सासूबाई खुर्चीतून उठताना म्हणाल्या, "डावा पाय झोपलाय गं."

मी धावत मागे गेले आणि 'क्लो' परत लिहिलं. (पहिल्यापेक्षा ठळक. मला त्यांचा कुठलाही भाग कमी पडू द्यायचा नव्हता.)

शेवटी शेजारच्या ब्रिहिदाला विचारलं. तिच्या फ्रीजरमध्ये बर्फाला जागा नाही म्हणतात, इतकी माणसं आहेत.

"एकदम बाहेर काढू नकोस," ब्रिहिदा म्हणाली. "ग्लास तडकतो तसं माणूस तडकतं. हळूहळू वितळवायचं. कोण आहे?"

"आहे एक ओळखीची."

"सासू?"

"नाही गं."

"म्हणजे सासूच," ती म्हणाली आणि फाटकातून आमच्या घराकडे फार कौतुकाने बघितलं. "मला वाटलं नव्हतं तुझ्यात एवढी धमक असेल."

मग मला एक युक्ती सुचली. गारवा दोघींत वाटून घ्यावा. मी पिंपावर त्यांच्या नावाखाली माझंही नाव लिहिलं, सुलेमा, जरा लहान अक्षरांत. रात्री मला शिंका सुरू झाल्या. सासूबाईंची शाल मात्र होती तिथेच राहिली.

आणि मग मास्तरांचा निरोप आला. आंबणं संपलं की बिअर निवळायला काटा दोन अंशांवर आणायचा.

"दोन?" मी ओविदिओला म्हटलं. "दहाला शाल लागते. दोनला काय लागेल?"

"गढूळ बिअर आई पिणार नाही."

"जिवंत असल्या तर ना."

ओविदिओ पेटीपासून दोन पावलं मागे सरकला. तो वाहतूक खात्यात काम करतो, असल्या गोष्टींवर त्याचा विश्वास नाही. "सुले," तो म्हणाला, "बंद कर ती. पावती असलेली बिअर आणू."

दुपारी सगळं घर झोपल्यावर मी धुण्याच्या खोलीत गेले. ब्रिहिदाचं तडकण्याचं आठवून काटा आधी बारावर नेला, मग पंधरावर, मग वीसवर, आणि प्रत्येक वेळी भिंतीला कान लावून पलीकडे काही तडकतंय का ते ऐकलं. काही ऐकू आलं नाही. मग डोळे मिटून प्लग ओढला. पंखा थांबला. मी उलट्या बादलीवर बसले आणि वाट पाहू लागले.

पलीकडे पलंग करकरला. मग काठीचा आवाज. पावलं ओसरीतून येऊ लागली. दार उघडलं आणि दारात सासूबाई उभ्या होत्या, शाल पांघरलेल्या, केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद.

"कुणी बंद केलं?" त्या म्हणाल्या.

त्या आत आल्या, काठीने पेटीचं थर्माकोलचं झाकण बाजूला केलं आणि वाकून बघितलं. त्यांनी आपलं नाव वाचलं. खालचं माझंही वाचलं.

मग मी सगळं सांगितलं, रडत आणि शिंकत. क्लबातली पद्धत, मार्कर, शाल, 'क्लो' आणि डावा पाय.

"संपलं?" त्या म्हणाल्या. "आता इकडे ये."

त्यांनी मला आपल्या खोलीत नेलं आणि पलंगामागे तिरपी लोंबणारी मेरीमातेची तसबीर उचलली. मागे भिंतीला एक गोल भोक होतं, जुन्या शेगडीच्या धुराड्याचं. पलीकडून आमच्या पेटीची आतली बाजू दिसत होती.

"इथून वारा येतो," सासूबाई म्हणाल्या. "थेट पाठीवर. किती वर्षांनी उन्हाळ्यात झोप लागली मला. खांदे धरतात म्हणून शाल घेते. तुला सांगितलं नाही, कारण तू लगेच भोक बुजवलं असतंस. तुझ्यात सगळं नीट करायची खोड आहे."

"आणि पाय?"

"ऐंशी वर्षांचा आहे तो."

मी पलंगावर बसले. इतके दिवस मी या बाईच्या जिवाची मालकीण होते आणि खरं तर तिचा पंखा होते.

"तुला खरंच वाटलं तू मला गोठवलंस?" त्या म्हणाल्या आणि हसू लागल्या, खोकला येईपर्यंत. "अगं पोरी, ते असं होत नाही. मनात वाईट असावं लागतं. माझ्या फ्रीजरमध्ये ओविदिओचा साहेब आहे. खाटीक आहे. ती ब्रिहिदा तर दोनदा आहे, लग्नाआधीच्या नावाने आणि नंतरच्या."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "आणि मी?"

"तू?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, जणू पहिल्यांदाच विचार करत असाव्यात. मग माझा गाल थोपटला. "तू कुणाचं काय वाकडं करणार आहेस? जा, प्लग लाव. आणि दोनवर ठेव."

वाढदिवसाला अंगणात सगळे जमले. मांस भाजत होतं, पुतणे-भाचे टेबलाभोवती दाटीने बसले होते. अर्धा गारवा भोकातून सासूबाईंच्या पाठीवर गेल्यामुळे बिअर किती अंशांवर आंबली होती हे कुणालाच सांगता आलं नसतं. मी पहिला लिसो भरून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी एक घोट घेतला. तो तोंडात बराच वेळ ठेवला, कारण थुंकायला जागा नव्हती. मग गिळला.

मी ग्लास टेबलाच्या कडेला सरकायची वाट बघत होते. तो जागचा हलला नाही.

"ओविदिओ," त्या म्हणाल्या, "बाळा, एक कागद आण आणि पेन. सुलेमाचं माहेरचं आडनाव काय रे?"