उंबरवाडीचा टँकर रोज येतो आणि दिसत नाही

अख्ख्या मराठवाड्यात माझ्याइतक्या तीक्ष्ण नजरेचा माणूस नाही. हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. नांदेड-लातूर मार्गावर अठ्ठावीस वर्षं मी एसटीत कंडक्टर होतो. आई ज्याला चार वर्षांचा म्हणून फुकट नेते, त्या पोराला फुटलेली मिसरूड मी मागच्या सीटवरून ओळखलेली आहे. निवृत्त झाल्यावर ही नजर वाया जाऊ नये म्हणून मी आमच्या उंबरवाडीत घराच्या ओसरीवर पाटी लावली : 'शरणप्पा, खाजगी गुप्तहेर.'

"गुप्त हाय तर पाटी कशाला?" माझी बायको नीलम्मा म्हणाली.

असल्या प्रश्नांना मी उत्तर देत नाही.

माझा सहायक दगडोबा. त्याच्याकडे मोटारसायकल आहे. ती ढकलल्याशिवाय सुरू होत नाही, म्हणून त्याला माझी गरज पडते.

दोन हजार नऊचा जुलै कोरडा ठणठणीत गेला. त्याच वर्षी विधानसभेचे मतदारसंघ नव्यानं आखलेले होते. आमची उंबरवाडी जुन्या मतदारसंघातून उचलून नव्यात टाकली होती. गाव होतं तिथंच होतं, पण पाण्यासाठी कुणाकडं जायचं ते कळेना. जुने आमदार म्हणत, तुम्ही आता आमचे नाही. नवे आमदार अजून निवडून यायचे होते. मधल्या मधे विहिरी आटल्या.

अखेर टँकर मंजूर झाला. अकरा दिवस झाले तरी गावात थेंब आला नाही. सरपंच व्यंकटराव तालुक्याच्या कचेरीत जाऊन आले आणि चावडीवर डोक्याला हात लावून बसले.

"ते म्हणतात, टँकर रोज येऊन राहिलाय. वहीत उंबरवाडीच्या सरपंचाची सही हाय म्हणे."

"मग केली का न्हाई तुमी सही?" चतुराबाईनं विचारलं. साठीची बाई, दोन कोसांवरच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडा आणत होती. आदल्या दिवशी वाटेत पाय मुरगळून पडली होती.

"आईची आण, न्हाई केली!"

चतुराबाईनं सुजलेला पाय पुढं केला. "मग हे पानी पितंय कोन?"

मी उठून उभा राहिलो. "ही केस मी घेतली."

कुणी काही बोललं नाही. मी ते होकारार्थी धरलं.

माझा पहिला तर्क : टँकर गळका आहे. दगडोबाला घेऊन मी कचेरीपासून गावापर्यंतचा रस्ता तपासला. सातव्या किलोमीटरला ओल सापडली.

"आप्पा," दगडोबा वाकून, वास घेऊन म्हणाला, "हे म्हशीचं हाय."

तर्क मागे घेतला.

दुसरा तर्क जास्त खोल होता. जुन्या मतदारसंघातले लोक सीमेवर टँकर अडवून आपल्याकडं वळवत असणार. आम्ही सकाळपासून सीमेवर दबा धरून बसलो. अडचण एवढीच, की सीमा नक्की कुठं आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. शेवटी एका बांधावर बसलो. दुपारी शेताचा मालक ग्यानोबा काठी घेऊन आला.

"काय करून राहिलाव इथं?"

"मतदारसंघाच्या सीमेवर पहारा करतोय," मी म्हणालो.

"सीमा गेली उडत. ह्यो बांध माझा हाय. मागच्या साली शेजाऱ्यानं दोन हात सरकवला, तवा कुठं होता तुमचा पहारा?"

त्यानं आम्हाला बांधाची सगळी हकिकत ऐकवली. ती संपेस्तोवर दिवस मावळला. टँकर दिसला नाही.

मग माझ्या नजरेनं खरी कामगिरी केली. पाण्याअभावी सगळ्या गावाच्या माना मळून काळ्या पडल्या होत्या. एकट्या व्यंकटरावांची मान स्वच्छ होती. कानामागंसुद्धा! मी दगडोबाच्या कानात म्हणालो, "ज्याची मान गोरी, त्याची चोरी." तो म्हणाला, "आप्पा, जमलं बघा." खरंच जमलं होतं.

गुरुवारी सकाळी व्यंकटराव पिशवी घेऊन एसटीत चढले. मी तोंडाला उपरणं गुंडाळून मागच्या सीटवर बसलो. दगडोबा दाराशी.

"अरे शरणप्पा!" कंडक्टर ओरडला. माझ्याच हाताखाली तयार झालेला माणूस. "तोंड का बांधलंय? दाढ दुखती का?"

व्यंकटरावांनी मान वळवली. "आप्पा, कुठं निघालाव?"

"गुप्त कामाला," मी म्हणालो.

नांदेडला गाडी बदलून ते अर्धापूरला उतरले, तसे आम्हीही उतरलो. केळीच्या बागेतून ते एका घरात शिरले. आम्ही पानांआड बसलो. थोड्या वेळानं आतून बादलीचा आवाज आला, मग पाण्याचा, मग व्यंकटरावांच्या गाण्याचा. चोरटा इतका सुखात गाताना मी आयुष्यात ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चावडीवर सगळं गाव गोळा केलं आणि बोट रोखलं.

"उंबरवाडीचा टँकर अर्धापूरला जातो! आणि त्यात हा माणूस आंघोळ करतो!"

व्यंकटराव आधी लाल झाले, मग त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "आप्पा, ती माझी सासुरवाडी हाय. त्यांच्या बोअरला पानी हाय. दर गुरुवारी जाऊन दोन बादल्या अंगावर घेतो. चुकलं माझं. पन टँकर म्या न्हाई नेला हो."

टँकर चोरला असता तर बायांनी एक वेळ माफ केलं असतं. पण महिनाभर गुपचूप आंघोळी? व्यंकटरावांची बायको पार्वतम्मा पुढं आली.

"माझ्या माहेरी? मला सोडून?"

व्यंकटराव एवढेसे झाले. चांगल्या माणसाची मी गावासमोर लाज काढली होती आणि हातात पुरावा म्हणून अर्धापूरच्या दोरीवरून उचललेला एक ओलसर टॉवेल होता. मला पहिल्यांदाच माझ्या नजरेचा राग आला.

तेवढ्यात वेशीकडून हॉर्न वाजला. टँकर आला, खराखुरा, भरलेला, चाकांखाली धुरळा उडवत. आणि ड्रायव्हरच्या शेजारी नीलम्मा बसलेली.

"तू? टँकरमधी?" मी विचारलं.

"तुमी काल केळीत बसला होतात तवा मी टँकर भरतात तिथं गेले. इचारलं, उंबरवाडीला कोन जातं? ह्यो सिद्धलिंग म्हनला, मी जातो की, रोज."

ड्रायव्हर सिद्धलिंगानं ओशाळून मान हलवली. "अक्का म्हनल्या, मग आमाला दिसत कसा न्हाईस? तवा मी म्हनलो, कोनती उंबरवाडी?"

उंबरवाड्या दोन होत्या! दुसरी नदीपल्याड, जुन्या मतदारसंघात. टंचाईच्या याद्या त्या वर्षी मतदारसंघाप्रमाणे नव्यानं केल्या, आणि आमचा टँकर जुन्याच यादीत राहून गेला. तिथं नाव होतं नुसतं 'उंबरवाडी'. सिद्धलिंग त्या यादीतल्या उंबरवाडीला जात होता. तिथले सरपंच सटवाजी बिचारे रोज सही करत होते. न मागता टँकर आला म्हणून त्यांनी सिद्धलिंगाला नारळ दिला होता.

"मी काल त्याच्यासंगं तिकडं जाऊन आले," नीलम्मा म्हणाली. "तिथल्या बायाबी तहानलेल्याच हायत. त्यांचा टँकर मंजूर होईस्तोवर एक दिस त्यांचा, एक दिस आपला, असं ठरलंय. आज सकाळी कचेरीतून तसं लिहूनबी घेतलं."

मी विचारलं, "तुला हे सुचलं कसं?"

"सुचायचं काय त्यात? ड्रायव्हरला इचारलं."

इतक्या दिवसांत हे कुणीच केलं नव्हतं.

पहिला हंडा चतुराबाईचा भरला. व्यंकटराव रांगेत सगळ्यात शेवटी उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो.

"व्यंकटराव, माफ करा. माझं चुकलं."

"जाऊ द्या, आप्पा," ते म्हणाले. "तुमी शोधून काढलं ते बरं झालं. आता दर गुरुवारी घरच्या चौघांना घेऊन जावं लागनार, एवढंच."

आता पंचक्रोशीतून लोक आमच्या ओसरीवर येतात. कुणाची शेळी हरवलेली असते, कुणाचं रेशनकार्ड. मी खुर्चीत सरसावून बसतो, नजर रोखतो. ते इकडंतिकडं बघतात आणि विचारतात, "नीलम्माक्का हायत का?"

"हायत, बसा," मी म्हणतो, आणि आत जाऊन चहा ठेवतो.