पाळण्यातला स्वेटर

आमचे रामचंद्रराव जुनी वस्तू दिसली की पायातलं काढत. मद्रासला एग्मोरच्या म्युझियममध्ये काढत, ते एक वेळ चालेल. पण कारखान्यात मालकांच्या आजोबांचा फोटो होता, त्याच्यापुढेही काढत. “वयानं मोठे की हो!” झालं, विषय संपला.

मी कोल्हापूरचा, ते पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे. त्यांचं मराठी अर्धं पोथीतलं, अर्धं मायलापूरच्या बाजारातलं. मद्रासच्या एका पंपांच्या कारखान्यात आम्ही शेजारी बसायचो. ऐंशीच्या दशकात कंपनीने सायप्रस बेटावर पंप विकले आणि ते बसवायला आम्हा दोघांना धाडलं.

रामचंद्ररावांना जायचं नव्हतं. लेक तारा बाळंतपणाला माहेरी आलेली. आदल्या वर्षी तिचं मूल जन्मताच गेलं होतं. पण साहेबापुढे यांच्या तोंडून ‘नाही’ निघेल तर शपथ! तिथून घरी फोन लावत आणि बायकोला विचारत काय, तर “रसम केलंस का?” ताराचं नाव काढायचा धीरच होत नसे.

जरा जीव रमेल म्हणून सुटीच्या दिवशी मी त्यांना तिथल्या छोट्या इतिहासाच्या म्युझियममध्ये ओढून नेलं. दारातच बूट काढले! ऐन थंडीत, दगडी फरशीवर. यांचे बूट घेऊन पहारेकरी मागे, हे पुढे, आणि मी लाजेने अर्धमेला.

शेवटच्या दालनात जुन्या काळचं शेतकऱ्याचं घर मांडलं होतं. तिथे एक लाकडी पाळणा. माहिती सांगणाऱ्या आजीबाईंनी तो कौतुकाने हलवून दाखवला. रिकामाच!

“वेंडां! वेंडां!” रामचंद्रराव ओरडले. घाबरले की त्यांचं ‘नको’सुद्धा तमिळ होई. मधली दोरी ओलांडून त्यांनी पाळणा दोन्ही हातांनी घट्ट धरला. रिकामा पाळणा हलवला की बाळाला बाधतं, हे आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक. सायप्रसला कोण सांगणार? पहारेकरी धावला. तोवर रामचंद्ररावांनी अंगातला स्वेटर काढून, घडी करून पाळण्यात ठेवलाही होता.

मी मोडक्या इंग्रजीत आजीबाईंना ताराचं सगळं सांगितलं. त्यांनी पहारेकऱ्याला हातानेच थांबवलं आणि स्वेटर नीट सारखा केला.

बाहेर बाकावर रामचंद्रराव कुडकुडत बसले. स्वेटर परत घ्यायला काही तयार होईनात. मी वैतागलो. “अहो, इंजिनियर ना तुम्ही? कुठे सायप्रस, कुठे मद्रास!”

त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या बांधल्या. मग म्हणाले, “गेल्या वर्षी बाळ यायच्या आधीच मी पाळणा आणला. हौस हो. कुरकुरतो का बघायला मीच हलवला. रिकामा.”

मी माझा कोट त्यांच्या खांद्यावर टाकला.

आम्ही मद्रासला परतलो त्याच आठवड्यात ताराला मुलगी झाली. बारशाला बायका पाळण्याभोवती, आणि रामचंद्रराव लांब खांबाला टेकून उभे. कोणी बोलावलं तरी जागचे हलेनात. शेवटी ताराच उठली, त्यांचा हात धरून घेऊन आली आणि पाळण्याची दोरी त्यांच्या मुठीत दिली.

“अप्पा, आता बाळ आहे त्यात. हलवा की!”

रामचंद्ररावांनी दोरी ओढली आणि सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.