दहा वाजताचं भांडण

"दार उघडं ठेव, पोरी. महिनाभर बंद ठेवलं ती रीत झाली. आता उघडं ठेव."

निघताना चाट-सम हे म्हणाली तेव्हा मी हसले होते. चाट-सम म्हणजे माझं बाळंतपण करायला आलेली बाई. तीस दिवस तिनं मला आलं-व्हिनेगरात शिजवलेले डुकराचे पाय खाऊ घातले, डोक्यावरून पाणी घेऊ दिलं नाही, आणि बाळाला माझ्यापेक्षा जास्त हसवलं. पण मी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. उघड्या दारातून काय काय आत येतं, याची लॅटिन नावं मला पाठ होती. तिची रिक्षा वळणावर दिसेनाशी झाली आणि मी कडी घातली, वर पडदाही ओढला.

माझा नवरा मिंग समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला. एकदा गेला की पाच आठवडे तिकडेच. मलेशियातल्या इपोहच्या या गल्लीत मी लग्न करून आलेली, ओळखपाळख नाही. घरात मी आणि स्प्रिंगच्या झोळीत लोक-लोक, आमची मुलगी. सकाळी चुनखडीच्या डोंगरांवर धुकं असायचं. ते डोंगरावरून निघालं की आमच्या घरात यायचं आणि दिवसभर मुक्काम करायचं, असं मला वाटे. मंगळवारच्या आत बुधवार असायचा. एकदा दुधाची बाटली चपलांच्या कपाटात सापडली. एकदा लोक-लोक रडत होती आणि मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून भिंतीकडे बघत होते. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही.

मिंगचा फोन आला की मी म्हणायचे, "सगळं छान आहे." शेजारणींनी फाटकातून हाक मारली की पडद्याआडून तेच. सगळं छान.

शेजारणी दोन. डावीकडे लान-यी, अंगणात जाळीच्या सुपांवर संत्र्याच्या साली वाळत घालायची आणि बरण्यांमध्ये वर्षानुवर्षं मुरवायची. उजवीकडे मिस यिप, इंग्रजी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. घरातही बूट घालणाऱ्या. मधे मी.

चाट-सम गेल्यावर सहाव्या दिवशी, बरोबर दहा वाजता, माझ्या फाटकाशी आरडाओरडा झाला.

"पोरी! ए पोरी! बाहेर ये आणि या मास्तरणीला सांग, तिचं मांजर माझ्या सालींवर लोळतंय! तीन वर्षांची साल आहे! आता सूप केलं तर म्याव करेल!"

मी पडदा जरासा सरकवला. मिस यिप छत्री टेकून उभ्या होत्या. "कृपया त्या बाईंना कळवावे," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "की त्यांच्या स्वरामुळे मला अपरिमित मनस्ताप होत आहे."

"काय म्हणाली? काय म्हणाली?"

मिस यिपना कॅन्टोनीज येत नव्हतं, निदान त्या तसं सांगायच्या. लान-यीला इंग्रजीतलं 'नो' तेवढं यायचं. आणि दोन्ही भाषा येणारं माणूस मी, दोन दिवसांच्या गाऊनमध्ये. मला बाहेर जावं लागलं. झोळीतली लोक-लोक खांद्यावर टाकली आणि गेले. ऊन डोळ्यांत असं शिरलं की मी क्षणभर कोणत्या देशात आहे तेच कळेना.

दोन भाषांत भांडणाची तऱ्हाही दोन. इंग्रजीत माणूस जितका चिडतो तितका नम्र होतो. 'आदरपूर्वक' आलं की समजावं, आता सुरी बाहेर आली. कॅन्टोनीजमध्ये दुसऱ्या वाक्यालाच समोरच्याचे आजोबा थडग्यातून उठून बसतात. मी घाबरट. मी दोन्हीकडचं मऊ करून सांगायचे. लान-यी म्हणाली, "हिनं सकाळी बंदुकीची दारू गिळलीय का?" मी मिस यिपना सांगितलं, "त्या विचारतायत, न्याहारी झाली का." मिस यिप म्हणाल्या, "त्यांच्याशी बोलणे म्हणजे आयुष्याचा अपव्यय." मी लान-यीला सांगितलं, "त्यांना जरा घाई आहे."

भांडण पाऊण तास चाललं. आत आले तेव्हा मला भूक लागली होती. कितीतरी दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी दहाला पुन्हा. मिस यिपनी आपल्या तक्रारीसाठी इंग्रजीतला एक वाक्प्रचार वापरला, ज्यात वेचायला एक हाड असतं. मी रात्रभर जागलेली. शब्दाला शब्द ठेवून मोकळी झाले.

"हाड?" लान-यी म्हणाली. "कोंबडीचं की डुकराचं? थांब म्हणावं तिला."

ती गेली आणि तासाभरानं पातेलं घेऊन आली. हाडांचं सूप, त्यात शेंगदाणे, त्यात कच्ची पपई. "घे म्हणावं हाडं. वेचत बस."

"विरुद्ध पक्षाचे अन्न मी स्वीकारत नाही," मिस यिप म्हणाल्या. "ते पुरावा म्हणून या मुलीकडे जमा राहावे."

पुरावा माझ्या ओट्यावर राहिला. संध्याकाळपर्यंत मी तो संपवला. हाडं आणि शेंगदाणे ठीक, पण भांडणाच्या सुपात कोणी अंगावरचं दूध वाढवायची पपई का घालावी, हा विचार मनात आला आणि धुक्यात विरला.

तिसऱ्या दिवशी मिस यिपना लेखी जबाब हवा होता. मी लिहून घ्यायचा. "दोन्ही हातांनी. अक्षर सुवाच्य हवे."

"मग बाळ?"

"बाळ मी धरते," लान-यी म्हणाली. "बाळाशी माझं भांडण नाही. दार उघड नीट, पडद्यातून काय जबाब लिहिणार?"

मी टेबलाशी बसले. मिस यिप खिडकीशी उभ्या राहून, जणू तिसरीच्या वर्गाला, सावकाश सांगू लागल्या: "मी... खाली... सही... करणार..." तिसऱ्या ओळीवर माझ्या पेनानं गालिच्याकडे वळण घेतलं असावं. मला स्वप्न पडलं. स्वप्नात पाणी ओतल्याचा आवाज होता, लोक-लोक खुदखुदत होती, आणि मिस यिप अस्सल बाजारी कॅन्टोनीजमध्ये कुजबुजत होत्या, "हळू गं बये, मान धर, मान!" मी स्वप्नातच म्हटलं, किती गंमतशीर स्वप्न.

जाग आली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. गालावर शाई. लोक-लोक न्हाऊन, पावडर लावून झोळीत गाढ. माझे धुतलेले कपडे घड्या होऊन खुर्चीवर. आणि दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसून एकमेकींकडे रोखून बघत. माझे डोळे उघडलेले दिसताच लान-यी उठली. "तर काय म्हणत होते मी, ते मांजर!"

असं बारा दिवस चाललं. मी पावणेदहाला केस विंचरू लागले. साक्षीदारानं जरा बरं दिसावं म्हणून. पण जीव धास्तावला होता. एके दिवशी मिस यिपनी छत्री उगारली. लान-यीनं भाजीची सुरी विसरून हातातच आणली. मला पोलीस दिसू लागले, मांजराला कोणी विष घातलेलं दिसू लागलं. ठरवलं, हे मिटवायचं. आम्हा चिनी लोकांत ज्याची चूक तो चहा ओततो, समोरच्यानं तो प्यायला की भांडण मिटलं. इथं चूक दोघींची, तेव्हा मधली म्हणून मीच ओतणार.

त्यासाठी मी पहिल्यांदा बाजारात गेले. लोक-लोकला छातीशी बांधून, पाव, बिस्किटं, पोमेलो म्हणजे पपनस घेऊन आले. खिडक्या उघडल्या. पडदा धुतला. रविवारी दोघींना बोलावून दोन हातांनी चहा दिला आणि दोन भाषांत भाषण केलं. कसलं भाषण! मलाच रडू आलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, मग चहाकडे. प्यावाच लागला. समेट झाला.

सोमवारी दहा वाजले. शांतता.

सव्वादहा. मी फाटकाशी गेले. साली वाळत होत्या. त्यांवर मांजर नव्हतं. साडेदहा वाजले. सत्तरीच्या बाया. एकट्या. बंद घरात काहीही होऊ शकतं. लान-यीच्या दाराला बाहेरून कुलूप. ही कुठं गेली? मी लोक-लोकला घेऊन मिस यिपकडे धावले. दार लोटलेलं. आतून, स्वयंपाकघरातून आवाज.

"काल तू का हसलीस, मुडदे? बारा दिवस मी हसू दाबून उभी राहतेय आणि ही दात काढतेय! पोरीला कळलं असतं म्हणजे?"

या मिस यिप होत्या. कॅन्टोनीजमध्ये.

"क्षमा असावी," लान-यी स्वच्छ इंग्रजीत म्हणाली. "भाषणाच्या प्रसंगी आपण डोळे पुसत होतात, ते पाहून मला हसू आवरणे अशक्य झाले."

"तुला तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ठेवली आणि इंग्रजी शिकवलं, ती माझी चूक. आता बोल, पुढं काय? त्या चहानं सगळा घोळ केला. समेट झाल्यावर भांडायचं कशावरून?"

"मार्जार पुनश्च..."

"मांजर बास! कोपऱ्यावरचे म्हातारबुवा विचारत होते, आमचं मांजर तुमच्याकडे रोज दहाला नोकरीला जातं का म्हणून."

"मग गटार?"

"गटार नको गं. तिला जंतूंची भीती, पुन्हा कडी घालेल. चाट-सम जाताना काय सांगून गेली? विचारपूस करायला गेलात तर 'सगळं छान' म्हणेल. भांडण घेऊन जा, म्हणाली. भांडण दाराशी आलं की बघायला यावंच लागतं." भांडी वाजली. "आज दहाला गेलो नाही. ती पुन्हा पायरीवर बसली असेल तर?"

त्या पायरीचं मी कोणालाही सांगितलं नव्हतं. मिंगलासुद्धा. पण आमच्या जिन्याची खिडकी लान-यीच्या अंगणात उघडते.

मी पाऊल न वाजवता परत आले. लोक-लोकनं माझी वेणी तोंडात घातली होती. त्यावर किती जंतू, ते मोजायचं राहून गेलं. मी लान-यीच्या अंगणातल्या सुपावरची मूठभर साल उचलली, माझ्याच फाटकाशी पसरली, कंबरेवर हात ठेवला आणि जन्मात कधी ओरडले नव्हते तशी ओरडले:

"माझ्या दारात हा कचरा कोणी टाकला? आदरपूर्वक विचारतेय! आणि कोणाचे आजोबा उठवू?"

मिस यिपच्या घरात भांडं पडलं. दोघी धावत आल्या. एकीच्या पायात बूट नव्हते. त्या दोघींच्या तोंडावर तेव्हा जो आनंद होता, तो लपवायला त्यांना चांगलं अर्धं मिनिट लागलं. मग लान-यीनं दम घेतला आणि म्हणाली, "पोरी, या मास्तरणीला सांग..." आणि मी सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा एकही शब्द मऊ केला नाही.

मला कळलं आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. किंवा माहीत असेल. भांडण सुरू आहे.

फक्त मागच्या आठवड्यापासून आम्ही ते सोळा नंबरच्या फाटकाशी हलवलंय. तिथं दोरीवर बाळाचे लंगोट वाळतात, पडदा दिवसभर ओढलेला असतो, आणि हाक मारली की आतून फार चटकन उत्तर येतं, "सगळं छान आहे." काल पडदा चार बोटं सरकला.

तुमच्याही गल्लीत असं एखादं दार असेल. आज जरा जाऊन बघा. विचारपूस करून दार उघडलं नाही तर निघून येऊ नका. शेजारणीला बरोबर घ्या आणि तिथंच भांडा. मांजर लागलं तर आमच्या कोपऱ्यावरचं आहे. सध्या त्याला काम नाही.