अणूच्या रीतीची पंगत

बारशाची पंगत अशी बसवीन की कळमनुरीपर्यंत नाव निघेल, असं तातेरावांनी जाहीरच करून टाकलं! हैदराबादेहून सायन्स शिकून आलेला माणूस. त्याला अडवणार कोण?

"मानपानाचं भांडणच मिटवतो," ते बायकोला, द्वारकाला, म्हणाले. "अणूत दर इलेक्ट्रॉनला चार आकडे असतात. घेरा कितवा, घराचा आकार कसा, दिशा कोणती, गिरकी कोणीकडं. चारी आकडे सारखे असे दोघं सापडायचे न्हाईत. मग भांडण कशाचं?"

"अवो, पण इलेक्ट्रॉनला सासर-माहेर कुठं असतं?" लेकीला पाजता पाजता द्वारका म्हणाली.

ऐकतंय कोण! अंगणात राखेनं घेरे आखले गेले. मधोमध पाळणा. पहिल्या घेऱ्यात दोनच जागा, तिथं दोघी आज्या: तातेरावांची आई चतुराबाई आणि द्वारकाची माय नर्मदाबाई. दुसऱ्यात आठ जणी. आतला घेरा भरल्याशिवाय बाहेर कोणी टेकायचं नाही!

"एका घरात दोघी चालतात, पण गिरकी उलटी पाहिजे!" म्हणत तातेरावांनी एकीचं तोंड उगवतीला केलं, दुसरीचं मावळतीला. पाठीला पाठ!

विहिणीनं विहिणीकडं पाठ करून ताटावर बसायचं? झालं! दुसऱ्या घेऱ्यात कुजबुज सुरू झाली.

"काहून रुसल्या वो ह्या?"

"कुंची हलकी आणली म्हनं!"

नर्मदाबाईंनी नातीच्या डोक्यावर बांधायची ती कुंची महिनाभर खपून शिवली होती.

"हलकी? उठा गं साऱ्या! पाळण्याला हात न लावता जाते मी!"

"मी कवा म्हनलं?" चतुराबाई ओरडल्या. "मला तर मागचं दिसून बी न्हाई राहिलं!"

माहेरच्या बायका पदर खोचून उभ्या. द्वारका पाळण्याकडं धावली. नाव ठेवायच्या आधी माय गेली, तर ती या दारात पुन्हा कशाची येते! तिनं पाळण्यातून लेकरू उचललं आणि मायच्या हातात दिलं.

"माय, गार लागून राहिलं तिला. कुंची तूच बांध."

नर्मदाबाई खाली बसल्या, कुंची बांधू लागल्या. चतुराबाई गर्रकन वळून शेजारी सरकल्या, तर लेकरानं त्यांचं बोट घट्ट धरलं.

"बघा विहीणबाई, तुमच्या कुंचीत कशी राजाची लेक दिसून राहिली!"

"डोळे तुमचेच हायेत, विहीणबाई!"

"अगं आई!" तातेराव धावले. "दोघींची गिरकी एकच झाली! अणूत हे चालत न्हाई!"

"मग अणूच्या घरी बारसं होत नसंल, बाबा," चतुराबाई म्हणाल्या. "तू वरण वाढ."

तातेराव बादली घेऊन घेऱ्याघेऱ्यानं फिरत राहिले. तुमी कुठं बसता, हे त्यांना कोणी विचारलंच नाही!