उस्मानभाईंचा शेवटचा प्रश्न

आमच्या अक्कलकुव्याच्या दवाखान्यात औषध फुकट मिळे, पण सहज मिळत नसे. त्यासाठी उस्मानभाई कंपाउंडरांकडे तोंडी परीक्षा द्यावी लागे. पुडी रोग्याच्या हातात ठेवायची, पण आपल्या दोन बोटांची पकड सोडायची नाही, ही त्यांची रीत. पुडीचं एक टोक रोग्याकडे, दुसरं यांच्याकडे. मग ठरलेलं वाक्य येई: "आते तू माले सांग."

औषध कशाचं, केव्हा घ्यायचं, पोटात जाऊन काय करणार, सगळं रोग्याने सांगायचं. चुकला की पहिल्यापासून. बरोबर आलं की शेवटचा प्रश्न: "आनी उरन्यात त कोनले देशी?" याचं उत्तर एकच होतं: "कोनलेच नही." शेजारणीला देईन म्हणणारी आणि म्हशीला चारीन म्हणणारा, दोघेही नापास. बाजाराच्या दिवशी रांग पार रस्त्यापर्यंत जाई आणि नाशिकहून नवा आलेला मी डॉक्टर आत दातओठ खात बसे.

दुसरं महायुद्ध तेव्हा नुकतंच सुरू झालं होतं. माझ्याकडे टपालाने मुंबईहून वैद्यकीची इंग्रजी मासिकं येत. उस्मानभाईंचं इंग्रजी बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांपुरतं. दुपारी रोगी ओसरले की ते स्टूल ओढून माझ्यासमोर बसत आणि म्हणत, "साहेब, नवं काय छापेल शे?" मी सांगे. बाजाराच्या दिवशी तेच सारं त्यांच्या अहिराणीतून गावाला मिळे, आणि सांगायला लाज वाटते, पण माझ्यापेक्षा चांगलं मिळे.

न्युमोनियावरच्या नव्या गोळ्या आल्या, तेव्हाची गोष्ट. हे औषध रंगांवरच्या संशोधनातून निघालं, एवढं मी बोललो आणि फसलो. उस्मानभाईंचं घराणं पिढीजात रंगाऱ्यांचं. आठवडाभर ते प्रत्येकाला सांगत सुटले, "हाई गोई रंगारीनी पोर शे." मी म्हटलं, पोर नव्हे, फार तर नात. दुसऱ्या दिवसापासून ते प्रामाणिकपणे नात म्हणू लागले.

औषधाची पारख कशी करतात हेही ते सांगत. "एक वावरमा खत टाकं, दुसरामा नही. कोठे पीक जास्ती उनं, ते मोजं." एका म्हातारीने विचारलं, "दुसरं वावर म्हंजे कोन?" उस्मानभाई थेट माझ्याकडे आले. मी सांगितलं, तीही माणसंच, जुन्या उपचारावर ठेवलेली. पुढे ते ती गोष्ट सांगताना शेवटी न चुकता म्हणत, "दुसरा वावरवालासना बी आपलावर उपकार शे." कोणी खात्री मागितली तर म्हणत, "नक्की बरं व्हई असं छापेल नही." हातातल्या औषधाबद्दल इतकं खरं बोलणारा माणूस मी शिकलो त्या कॉलेजातही पाहिला नव्हता.

एक दिवस डोंगरातल्या पाड्यावरून वेस्ता नावाचा माणूस बायकोला झोळीत घालून आला. न्युमोनिया. दवाखान्यात खाटा नव्हत्या आणि नव्या गोळ्या एका माणसापुरत्याच उरल्या होत्या. उस्मानभाईंनी परीक्षा घेतली. वेस्ताने सगळं धडाधड सांगितलं. दर चार तासांनी गोळी, भरपूर पाणी, उरली तर कोणालाच नाही. मी खूश झालो. उस्मानभाईंचा चेहरा मात्र उतरला.

"एक दममा पास व्हयना, साहेब. हाई बरं नही."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला अक्षरशः ओढून पाड्यावर नेलं. दोन कोस चढ. घरात शिरलो तर बाई कोपऱ्यात धापा टाकतेय आणि सगळ्या गोळ्या पानाच्या द्रोणात देवासमोर मांडलेल्या. एकही उचललेली नाही. वेस्ता म्हणाला, नवं धान्य देवाला दाखवल्याशिवाय आमच्यात कोणी तोंडात घालत नाही, आणि ही चीज तर आमच्या कुळात कोणीच खाल्लेली नाही. पुजारा परवा येणार होता.

माझा तोल गेला. मी काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. उस्मानभाईंनी माझा हात धरला. "त्याले बोलू नका, साहेब. चूक मन्ही शे. कवय सुरू करशी, हाई मी इचारंच नही." केव्हा सुरू करणार, हा प्रश्नच त्यांच्या परीक्षेत नव्हता.

मग ते वेस्ताच्या बापासमोर मांडी घालून बसले. "बाबा, पुजारा येवाले टाईम लागना त देवले कोन दखाडस?"

म्हाताऱ्याने विचार केला. "घरना मोठा."

"मंग तू मोठा शे. दखाड."

म्हाताऱ्याने एक गोळी देवाला वाहिली. उस्मानभाईंनी टोपी सारखी करून अदबीने मान लववली, दुसरी गोळी पाण्यात कालवली आणि बाईला पाजली. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. बाई वाचली. महिन्याभराने टोपलीभर चारोळी घेऊन स्वतःच्या पायांनी बाजाराला आली. तेव्हापासून डोंगरातल्या पुडीत एक गोळी जास्त पडू लागली. तिला उस्मानभाई देवाची गोळी म्हणत. वरून विचारणा झाली असती तर मी नोकरीवर पाणी सोडलं असतं, पण ती गोळी काढली नसती.

पण हे सगळं पुढचं. त्या दिवशी उतार उतरताना मी त्यांना म्हटलं, "उस्मानभाई, तुमच्यासारखं समजावणारा मी पाहिला नाही." ते चालता चालता म्हणाले, त्यांच्या बायकोला हिवताप होता. त्यांनी कोयनेलच्या, म्हणजे क्विनाइनच्या, पुड्या घरी नेल्या, फळीवर ठेवल्या आणि कामाला आले. बायकोला कसली परीक्षा? चौथ्या दिवशी ताप उतरला. पुन्हा चढला तो तिला घेऊनच गेला. नंतर मसाल्याच्या डब्यात निम्म्या पुड्या सापडल्या, चिंधीत नीट बांधलेल्या.

"मन्हाकरता ठेयेल व्हत्यात," ते म्हणाले. "माले ताप उना त कामे येतीन म्हनीसन."

पुढे माझी बदली ठरली, त्याच आठवड्यात मला हिवतापाने गाठलं. उस्मानभाई घरी आले. पुडी माझ्या हातात ठेवली आणि दुसरं टोक धरून उभे राहिले. "आते तुम्ही माले सांगा, साहेब."

मी, पदवी घेतलेला डॉक्टर, अंथरुणात उठून बसलो आणि शहाण्या रोग्यासारखं सगळं सांगितलं.

"आनी उरन्यात त?"

"कोणालाच नाही, उस्मानभाई. तुमच्यासाठीसुद्धा नाही."

तेव्हा कुठे त्यांनी पुडी सोडली.