कारणासह दुरुस्ती

माणूस काय करतो यापेक्षा तो ते का करतो हे महत्त्वाचं. म्हणून प्रत्येक कृतीचं कारण लिहून ठेवलं पाहिजे. हे तत्त्व ढुंढिराज मोघ्यांना रेल्वेच्या कचेरीत फायलींवर शेरे मारत काढलेल्या बत्तीस वर्षांत सापडलं होतं. ते अमलात आणण्याची संधी मात्र निवृत्तीनंतर आली, गंगेकाठच्या दूधविनायक मोहल्ल्यातल्या मराठी मंडळाची वेबसाइट सांभाळताना. आणि आली नसती तर बरं झालं असतं.

गणेशोत्सव आठवड्यावर आला होता. कार्यक्रमपत्रिकेच्या पानाचा पासवर्ड तिघांकडे होता : ढुंढिराज, कीर्तनकार वेणीमाधवराव आणि गाणाऱ्या शरदिनीबाई. सकाळी गाणं आरतीच्या आधी असे, दुपारी नंतर. कोणी बदललं म्हणून विचारलं, की जो तो गंगेकडे हात करून शपथ घेई.

मुलगी हिमानी पुण्याला कंप्यूटरमध्ये होती. तिने फोनवर उपाय सांगितला.

"बाबा, गिटची रिपॉझिटरी, म्हणजे बदलांची नोंदवही, बनवून टाका. कोणी काय बदललं, कधी, का, सगळं त्यात राहतं."

"का, हेसुद्धा?"

"हां. प्रत्येक बदलाला एक ओळ लिहावीच लागते."

ढुंढिराजांना पुन्हा नोकरीवर रुजू झाल्यासारखं वाटलं.

मंडळाची होस्टिंग स्वस्तातली. एकाच सर्व्हरवर शेकडो वेबसाइटी, धर्मशाळेतल्या यात्रेकरूंसारख्या पथाऱ्या टाकून. दोन दिवस हिमानी सांगत गेली, ढुंढिराज टाइप करत गेले, आणि रिपॉझिटरी उभी राहिली. "आता ती वेबसाइटच्या फोल्डरच्या बाहेरच राहू द्या हं," हिमानीने बजावलं.

पण बाहेर ठेवलेली रिपॉझिटरी ब्राउझरमध्ये दिसेना. जी नोंदवही दिसत नाही, ती आहे कशावरून? ढुंढिराजांनी ती उचलून आत आणली. दिसू लागली. म्हणजे सगळ्या जगालाच दिसू लागली.

वेणीमाधवराव रोज सकाळी चहाबरोबर फोनवर स्वतःचं नाव शोधत. तिसऱ्या दिवशी ते सापडलं. ते पान फोनाफोनी पुण्यालाही पोचलं, आणि पाठोपाठ हिमानीचा फोन.

"बाबा, तुम्ही हे काय लिहून ठेवलंय! 'कीर्तन दोन तासांवरून पाऊण तासावर आणलं. कारण : गेल्या वर्षी श्रोते उठून गेले.' खाली, 'पुन्हा दोन तास केलं. कारण : सभागृहाची किल्ली वेणीमाधवरावांकडे आहे.'"

"मग? खोटं लिहू?"

"अरे बाबा, पण पब्लिक वाचतेय ना!"

ढुंढिराजांनी घाईघाईने दोन्ही ओळी पुसल्या आणि इमानाने नोंद केली : "दोन नोंदी काढल्या. कारण : वेणीमाधवराव रागावतील."

जुन्या नोंदी तरीही जागच्या हलल्या नाहीत. वर ही एक वाढली.

वेणीमाधवराव रागावलेच. काठी आपटत जिना चढून आले. रामघाटच्या सभागृहाची किल्ली जानव्याला लटकत होती. ढुंढिराजांची नजर तिच्यावरच खिळली. ती मिळाली नाही, तर गणपती बसवायचा कुठे?

"ढुंढ्या, कोण उठून गेलं?"

"बरेच."

"मला नाही दिसलं कोणी."

"तुम्ही डोळे मिटून गात होता."

वेणीमाधवराव खुर्चीत बसले. त्यांनी फोन पुढे केला. "आणि शरदिनीबद्दल काय लिहिलंयस? खाली सरकव की."

ढुंढिराजांनी सरकवलं. "'शरदिनीबाईंचं गाणं आरतीनंतर ठेवलं. कारण : प्रसाद घेऊन ज्यांना जायचं त्यांना जाता यावं.'"

वेणीमाधवराव इतके हसले की काठी पडली. "अजून आहे का काही? वाच, वाच!"

तेवढ्यात शरदिनीबाई आल्या. त्यांनी फक्त कीर्तनाचा भाग वाचला होता, आणि त्यांनाही त्याच्या खालचं हवं होतं. ढुंढिराजांनी त्यांना त्यांच्या गाण्याची नोंद सोडून बाकी सगळं वाचून दाखवलं. संध्याकाळपर्यंत अर्धी गल्ली जिन्यात उभी होती. भांडायला कोणीच आलं नव्हतं. शेजाऱ्याचं कारण काय, एवढंच प्रत्येकाला हवं होतं. खूश होऊन वेणीमाधवरावांनी कीर्तन सव्वा तासावर आणायला मान्यता दिली आणि किल्ली काढून ढुंढिराजांच्या हातात ठेवली.

चतुर्थीला पहाटे ढुंढिराज कुलपाशी बराच वेळ झटले. किल्ली फिरेना. मागून शरदिनीबाईंनी दार ढकललं. ते उघडलं. कडी होळीपासून तुटलेली होती.