चारशे मीटरची नियमावली

साळवे रिकाम्या आवारातही वळताना हात बाहेर काढून इशारा करायचे. समोर गाडी नाही, मागे माणूस नाही, दुपारचे दोन वाजलेले आणि बहारीनच्या उन्हात मांजरंसुद्धा पाण्याच्या टाकीखाली शिरलेली. तरी यांचा हात बाहेर. वर्कशॉपच्या तोंडाशी त्यांनी स्वतःच एक पांढरी पट्टी रंगवली होती, तिच्यावर थांबून दोन्हीकडे बघणार आणि मगच पुढे सरकणार. गाडी म्हणजे तरी काय, दारं नसलेली, बॅटरीवर चालणारी, मागे शिडी आणि हत्यारांची पेटी ठेवायची. मी पायी निघालो तरी त्यांच्या आधी पोचून चहा सांगून ठेवायचो.

आखाती युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती. हूरा नावाच्या वस्तीजवळच्या आमच्या कंपनीच्या कॉलनीत साळवे इलेक्ट्रिकल फोरमन होते आणि मी ऑफिसात टायपिस्ट. दोघेही सातारा जिल्ह्यातले. ते माणदेशातले, मी कराडकडचा. वयानं माझ्यापेक्षा चांगले पंधरा वर्षांनी मोठे, पण मला 'अहो पाटील' म्हणत. कुणी काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला. रजा मंजूर झाली म्हणावं, तर "कागद हाय का?" उद्या मेसमध्ये मासे आहेत म्हणावं, तरी "कागद हाय का?" त्यांच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली फायलींची चळत. व्हिसा, करार, अगदी पंखा दुरुस्त केल्याची पावतीसुद्धा तारीखवार लावलेली.

आमच्या कॉलनीचे दोन तुकडे होते. मधून सार्वजनिक रस्ता जायचा, आणि या गेटापासून त्या गेटापर्यंत अंतर जेमतेम चारशे मीटर. पण बॅटरीच्या गाडीला रस्त्यावर मनाई होती, म्हणून सगळे मागच्या कच्च्या वाटेनं, सांडपाण्याच्या टाक्यांना वळसा घालून जात. एकटे साळवे जात नसत. ते गाडी गेटाशी उभी करत, शिडी खांद्यावर घेत आणि हातात पेटी घेऊन भर रस्त्यानं उन्हात चालत निघत.

"अहो साळवे, मागनं जा की," मी कितीदा म्हटलं असेल. "कोण बघतंय?"

"वळसा आपल्याला जमत न्हाई, पाटील," घाम पुसत ते म्हणायचे.

आम्हाला हा मोठा विनोद वाटायचा. मेसमध्ये त्यांना चिडवायला आमटीचं भांडं मुद्दाम अख्ख्या टेबलाला वळसा घालून यायचं. तेही हसत आणि आमटी वाढून घेत.

एक दिवस ते अब्बासला घेऊन वाहतूक कार्यालयात गेले. अब्बास म्हणजे कंपनीची सरकारदरबारची कामं करणारा बहारीनी. तिथल्या अधिकाऱ्यानं गाडीचा फोटो उलटासुलटा करून पाहिला. ही मोटार नव्हे, सायकल नव्हे, गाढवाची गाडीही नव्हे. "कानून मफी. खलास," तो म्हणाला. म्हणजे असल्या वाहनासाठी कायदाच नाही. दुसरा कुणी तोंड पाडून परत आला असता. साळवे आले ते खुशीत.

"नगं म्हणाला न्हाई त्यो. कायदा न्हाई म्हणाला. न्हाई तर लिवूया की!"

आणि त्यांनी लिहिला. चांगली अकरा कलमं. मी इंग्रजीत टाईप केली, अब्बासनं कपाळावर हात मारत अरबीत उतरवली. ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर जायचं नाही. आमच्या गाडीला ते असंही जमणार नव्हतं. फक्त दिवसा, फक्त कडेच्या लेननं. रुग्णवाहिका आली तर चालकानं खाली उतरून गाडी बाजूला ढकलावी. सातव्या कलमानुसार मागच्या सीटवर एकानं उलट्या तोंडानं, लाल झेंडा धरून बसायचं. नववं असं होतं: चालकास वर्षातून एकदा आपल्या कुटुंबास सदर रस्त्याने नेता येईल.

"हे कशाला मध्येच?" मी विचारलं.

"टाईप करा तुम्ही."

आमचा इंग्रज साहेब नवव्या कलमापाशी हसला आणि सही करून मोकळा झाला.

कागद वर्षभर फिरत राहिला. विचारलं की अब्बास आकाशाकडे बघून "इंशाल्ला" म्हणायचा. तेवढ्यात साळव्यांचा करार संपत आला आणि मुदतवाढ नाही, असं पत्र आलं. जायच्या आधी त्यांनी वहिनींना महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. पहिल्यांदाच येत होत्या त्या. मग रोज सकाळी साळवे माझ्या टेबलाशी हजर. "आला का कागद?" दिवस सरत चालले तसे ते विचारायचेही थांबले, नुसते उभे राहायचे. एकदा मी त्यांना हात न दाखवता वळताना पाहिलं, आणि मला काळजी वाटली.

वहिनींच्या परतीला चार दिवस उरले असताना कागद आला, शिक्क्यासकट. साळव्यांना अरबीचं अक्षर येत नव्हतं, तरी तो त्यांनी दोनदा वाचला.

गुरुवारी दुपारी सुट्टी झाल्यावर गाडी गेटाशी उभी होती. शिडी काढलेली, गाडी धुऊन पुसून लख्ख. साळवे कडक इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, शेजारी वहिनी जरीच्या निळ्या साडीत. सातव्या कलमाची शिक्षा मला.

आम्ही रस्त्याला लागलो आणि मागे मोटारींची रांग लागली. हॉर्नचा नुसता गदारोळ. त्या सगळ्यांची तोंडं माझ्याकडे आणि माझं त्यांच्याकडे. ओळखीचा मल्याळी दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला, तेव्हा मी झेंडा हळूच गुडघ्यांत लपवला.

"वहिनी," मी मान न वळवता म्हटलं, "मागच्या वाटेनं आलो असतो तर हे हॉर्न तरी ऐकावे लागले नसते. तिथं कोण बघतंय!"

"आमच्या लग्नात बी आसंच म्हणलं व्हतं लोकांनी," वहिनी सहज म्हणाल्या. "वरात देवळाम्होरनं न्यायची न्हाई. मागनं न्या, वढ्यानं, वळसा घालून. कोण बघतंय, म्हणलं. ह्यांनी लई हुज्जत घातली. मंग गाववाल्यांनी इचारलं, कागद हाय का तुझ्याकडं?"

साळवे समोर बघत गाडी चालवत होते. माझी स्वतःची वरात बँड लावून देवळावरून, चावडीवरून गेली होती. गावाला दुसरी वाट असते, हे मला कधी बघावंच लागलं नव्हतं. आणि मी या माणसाला वर्षानुवर्षं तेच ऐकवत होतो. मला माझी लाज वाटली.

गाडी थांबली. वाहतूक पोलीस आडवा आला होता. साळव्यांनी खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला कागद काढून दिला. पोलिसानं तो सावकाश वाचला, वहिनींच्या साडीकडे पाहिलं, मग कागद परत देऊन बाजूच्या गल्लीतून येणाऱ्या मोटारी हातानं थोपवल्या.

"सीदा, सीदा," तो म्हणाला. "यल्ला!"

"काय म्हणतोय वो?" वहिनींनी विचारलं.

"सरळ जा म्हणतोय," साळवे म्हणाले.

गाडी निघाली. वहिनींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि वळून मागे पाहिलं. रांग पार चौकापर्यंत गेली होती.

"किती माणसं हायती वो मागं!" त्या म्हणाल्या.

मी गुडघ्यांतला झेंडा काढला आणि पलीकडच्या गेटापर्यंत हात वर करून धरून ठेवला.